भिंग बदलताना

थंडीचे दिवस होते. सूर्य नुकताच उगवला होता. उजनी धरणाच्या पाण्यातून आमची होडी हळूहळू चालली होती. पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण नावाचे गाव आहे. भीमा नदीवर बांधलेल्या उजनी धरणाचे पाणी या गावाच्या जवळपर्यंत पसरलेले आहे. हिवाळ्यात येथील उथळ पाण्यात रोहित पक्षी येतात. लांब पाय, लांब मान आणि पंखांत गुलाबी रंग! हे पक्षी पाहायला लोक दुरून येतात.

माझ्याबरोबर चाचा होते. चाचा लग्नसमारंभाची छायाचित्रे काढतात. त्यावरच त्यांचे घर चालते. पक्ष्यांची छायाचित्रे मात्र ते हौसेने काढतात. त्या वेळी त्यांच्या कॅमेऱ्याला छोटी लेन्स लावलेली होती. तेवढ्यात रोहितांचा एक थवा समोर उतरला.

मी ओरडलो, "चाचा, मोठी लेन्स लावा ना! लवकर!"

चाचा शांतपणे म्हणाले, "बेटा, पक्षी पुन्हा येतील. घाईत लेन्स पाण्यात पडली, तर ती परत येणार नाही."

त्यांनी नावाड्याला होडी थांबवायला सांगितले. होडी थांबेपर्यंत थवा उडून गेला. मला फार वाईट वाटले. पण त्या दिवशी चाचांनी मला लेन्स कशी सांभाळायची, हे समजावून सांगितले. तेच मी तुम्हांला सांगणार आहे.

लेन्स म्हणजे भिंग. कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये एकच काच नसते. काचेची अनेक भिंगे एका नळीत बसवलेली असतात. लेन्सवर 50 मि.मी., 400 मि.मी. असे आकडे लिहिलेले असतात. आकडा लहान असेल, तर समोरचे पुष्कळ दृश्य चित्रात येते. आकडा मोठा असेल, तर दूरची वस्तू जवळ दिसते. त्याच कॅमेऱ्यावर 50 मि.मी.च्या लेन्सपेक्षा 400 मि.मी.च्या लेन्समधून पक्षी आठपट मोठा दिसतो. म्हणून छायाचित्रकार एकाहून अधिक लेन्स जवळ बाळगतात आणि कामाप्रमाणे त्या बदलतात.

लेन्स बदलताना दोन धोके असतात. लेन्स हातातून पडणे हा पहिला धोका. तो सर्वांना कळतो. दुसरा धोका लहान दिसतो, पण फार त्रास देतो. तो म्हणजे धूळ.

लेन्स काढली, की कॅमेऱ्याचे तोंड उघडे पडते. आत सेन्सर असतो. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी. मोठ्या कॅमेऱ्यांत ती 36 मि.मी. रुंद आणि 24 मि.मी. उंच असते. एवढ्याशा जागेत प्रकाश टिपणारे कोट्यवधी ठिपके असतात. एका ओळीत 6000 ठिपके असले, तर एका ठिपक्याची रुंदी 0.006 मि.मी. होते. आता विचार करा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा धुळीचा कण तेथे केवढा मोठा ठरेल!

पूर्वीच्या कॅमेऱ्यांत फिल्म असे. प्रत्येक चित्रानंतर फिल्म पुढे सरकत असे. तिच्यावर पडलेला कण तिच्याबरोबर निघून जाई. सेन्सर मात्र जागचा हलत नाही. त्यावर बसलेला कण काढेपर्यंत तेथेच राहतो आणि प्रत्येक चित्रात त्याच जागी काळा डाग उमटतो. सेन्सरवर चित्र उलटे पडते. त्यामुळे सेन्सरच्या खालच्या भागातील धूळ चित्राच्या वरच्या भागात, म्हणजे बहुधा आकाशात दिसते.

चाचांनाही एकदा हा अनुभव आला होता. त्यांनी चालत्या होडीत, वाऱ्यात लेन्स बदलली. दुसऱ्या दिवशी एका लग्नाचे काम होते. भर उन्हात मैदानावर सर्व पाहुण्यांची छायाचित्रे काढली. भर उन्हात लेन्सचे छिद्र लहान ठेवावे लागते आणि छिद्र लहान असले, की धुळीचा डाग अधिक ठळक होतो. घरी येऊन पाहतात तर काय, प्रत्येक चित्रात तोच डाग! कोठे तो आकाशात होता, तर कोठे नवरदेवाच्या सेहऱ्यावर. चाचांनी रात्र रात्र बसून एकेका चित्रातील डाग पुसला. लग्न काही पुन्हा होणार नव्हते.

मग लेन्स बदलायची तरी कशी?

आधी आडोसा शोधावा. आडोसा नसेल, तर वाऱ्याकडे पाठ करून खाली बसावे. पिशवी दोन्ही पायांच्या मध्ये ठेवावी. उभ्याने लेन्स बदलली आणि ती सुटली, तर ती थेट जमिनीवर पडते. बसून बदलली, तर ती पिशवीत पडते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच असू द्यावा.

नंतर कॅमेरा बंद करावा. दुसरी लेन्स पिशवीत मागची बाजू वर करून ठेवावी. तिचे मागचे झाकण सैल करावे, पण काढू नये. कॅमेऱ्याचे तोंड जमिनीकडे करावे, म्हणजे धूळ सहज आत पडत नाही. मग कळ दाबून पहिली लेन्स फिरवावी व काढावी. सैल केलेले झाकण दुसऱ्या लेन्सवरून काढून लगेच पहिल्या लेन्सला लावावे. कॅमेऱ्यावर आणि लेन्सवर एकेक खूण असते. त्या दोन खुणा समोरासमोर आणून दुसरी लेन्स बसवावी व 'टक्' असा आवाज येईपर्यंत फिरवावी. आवाज आला नाही, तर लेन्स नीट बसली नाही असे समजावे. लेन्स फिरत नसेल, तर जोर लावू नये. खुणा पुन्हा पाहाव्यात.

आजच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत आतला आरसा नसतो. अशा कॅमेऱ्याची लेन्स काढताच सेन्सर उघडा दिसू शकतो. त्याला बोट लावू नये आणि त्यावर तोंडाने फुंकर मारू नये. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक थेंब उडतात आणि त्यांचे डाग पडतात. धूळ उडवण्यासाठी रबरी फुगा मिळतो. तो दाबला, की कोरडी हवा बाहेर येते.

लेन्सची काच सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय अनेकांना असते. ती वाईट आहे. धुळीत वाळूचे कण असतात. वाळूतील गारगोटी काचेपेक्षा कठीण असते. कण न उडवता काच घासली, तर तिच्यावर ओरखडे पडतात. म्हणून आधी फुग्याने धूळ उडवावी, मग मऊ ब्रश फिरवावा आणि शेवटी लेन्सच्या स्वच्छ, मऊ कापडाने हलकेच पुसावे.

लेन्स नेतानाही काळजी घ्यावी. आतून मऊ अस्तर आणि वेगवेगळे कप्पे असलेली पिशवी घ्यावी. एका कप्प्यात एकच लेन्स ठेवावी. तिला पुढचे व मागचे, अशी दोन्ही झाकणे लावावीत. झाकणे खिशात ठेवू नयेत. खिशातील धागे व धूळ झाकणाला चिकटतात आणि तेथून आत जातात. पिशवी खांद्याला लावण्यापूर्वी तिची चेन लावली आहे ना, हे पाहावे. मोठी, जड लेन्स लावलेला कॅमेरा उचलताना हात लेन्सखाली धरावा. नुसता कॅमेरा धरला, तर लेन्सचे सारे वजन जोडावर येते.

पावसाळ्यात ओलाव्याचा धोका असतो. कोकणासारख्या दमट हवेत बंद पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सच्या काचेवर बुरशी येते. म्हणून पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्या ओलावा शोषून घेतात. थंड केलेल्या गाडीतून दमट हवेत आल्यावर लगेच कॅमेरा बाहेर काढू नये. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तसेच ते लेन्सवर जमतात. अर्धा तास पिशवी बंदच ठेवावी.

त्या सकाळी चाचांनी होडी थांबल्यावर सावकाश मोठी लेन्स लावली. आम्ही वाट पाहत बसलो. बऱ्याच वेळाने दुसरा थवा आला. सगळे रोहित एकदम उडाले आणि त्यांचे गुलाबी पंख उन्हात चमकले. चाचांचा कॅमेरा तयार होता.

घरी आल्यावर मी ती छायाचित्रे पाहिली. चाचांनी मात्र आधी आकाश पाहिले. ते अगदी स्वच्छ होते.