अर्ध्या स्क्रीनवर फॉर्म, अर्ध्यावर गुणपत्रिका

मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना आमच्या घरी धांदल उडाली. गुणपत्रिका एका विंडोत, फॉर्म दुसऱ्या. सारखी अदलाबदल करताना एक आकडा चुकला. पावतीचा फोटो मोबाइलने काढला, तोही अंधुक. ‘‘अब्बू, यासाठी सॉफ्टवेअर घ्या ना!’’ मुलगी म्हणाली.

शोधले तेव्हा कळले, बरेचसे संगणकातच आहे. विंडोज १० किंवा ११ मध्ये विंडोजचे चिन्ह असलेले बटण धरून डावा वा उजवा बाण दाबला, की विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते. त्याच बटणाबरोबर शिफ्ट आणि एस दाबले, की हवा तेवढाच भाग टिपता येतो.

रोज तीन-चार विंडो लागत असतील, तर मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पॉवरटॉइज’ घ्यावे. लांब पान सलग टिपायला ‘शेअरएक्स’ही मोफत आहे, मात्र त्यात चित्र इंटरनेटवर चढवण्याची सोय आहे, ती बंद असल्याची आधी खात्री करावी.

आधार आणि बँक खात्याचे क्रमांक पूर्ण काळे केल्याशिवाय चित्र ग्रुपवर टाकू नये. घरच्यांची कागदपत्रे म्हणजे आपल्या हाती सोपवलेली अमानत. पुढचा फॉर्म मुलीने एकटीने भरला. आम्ही फक्त शेजारी बसून आकडे वाचले.