पॅक नंतर, आधी रेंज

सिल्लोडच्या बसस्थानकाजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. कव्हर, चार्जर, हेडफोन असतंच, पण निम्मी गर्दी रिचार्जची. "भाऊ, सगळ्यात स्वस्त पॅक कोणता?" हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. मी उलट विचारतो: गाव कोणतं, घर गावात की शेतात, आणि फोन बटनाचा की टचचा? काहींना ही चौकशी नकोशी वाटते. पण एवढं कळल्याशिवाय दर सांगून उपयोग नसतो. ज्या सिमला घरात रेंज नाही, त्याचा पॅक कितीही कमी पैशांचा असला तरी तो महागच पडतो.

आपला तालुका सपाट नाही. संभाजीनगरहून येणारा रस्ता पठारावरून सिल्लोडला येतो, पुढे गोळेगाव, मग अजिंठा, आणि तिथून घाट उतरून फर्दापूर. घाटनांद्र्यापासून अजिंठ्यापर्यंतची उत्तरेची कड सगळी डोंगराची. डोंगर आडवा आला की मोबाईलची लहर अडते. टेकडीच्या ज्या अंगाला टॉवर, त्या अंगाच्या वस्तीला रेंज भरपूर, पलीकडच्या वस्तीला एक दांडीही नाही. त्यात लहरींमध्येही फरक आहे. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतून आत शिरतात. २३०० किंवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर नेट जोरात चालतं, पण त्यांचा पल्ला कमी. म्हणून देशात पहिल्या नंबरची कंपनी तुमच्या बांधावर शेवटची ठरू शकते.

घाटाकडच्या एका गावातले मिरचीवाले मामा माझ्याकडे नेहमी येतात. भाच्याच्या सांगण्यावरून त्यांनी स्वस्त पडते म्हणून कंपनी बदलली. घराच्या ओट्यावर रेंज चांगली, विहिरीजवळच्या तुकड्यात मात्र फोन मुका. हिरव्या मिरचीचा भाव सकाळचा दुपारी राहत नाही, आणि व्यापाऱ्याचा फोन नेमका तोडणी चालू असताना येतो. मामा म्हणाले, "पन्नास रुपये वाचले, अन् सौदा दुसऱ्याकडं गेला." आम्ही त्यांच्या फोनच्या दुसऱ्या खाचेत वेगळ्या कंपनीचं सिम टाकलं, शेतात नेऊन बघायला सांगितलं आणि चालतंय म्हटल्यावरच पुढचं ठरवलं. घरात वापरायचं सिम एक आणि शेतात चालणारं दुसरं, अशी जोडी आता पुष्कळांकडे असते.

ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, नव्या नियमांनुसार एप्रिल २०२५ पासून प्रत्येक कंपनीने कुठे टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी पोहोचतं याचा नकाशा आपल्या संकेतस्थळावर ठेवायचा आहे. तो जरूर बघा. पण नकाशाला तुमच्या घराचा स्लॅब, पत्र्याचं छत आणि आतली खोली दिसत नाही. शेजाऱ्याचा, पाहुण्याचा फोन घेऊन घरात उभे राहा, कॉल लावा आणि चार मिनिटं बोला. संध्याकाळी आठ-नऊला पुन्हा बघा, कारण त्या वेळी सगळं गाव एकाच टॉवरवर असतं. दांड्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र गोल गोल फिरत राहतं.

आता फोन. बटनाचा जुना टू-जी फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही. जिओकडे टू-जी नाहीच, तिचा साधा कॉलसुद्धा फोर-जीवरून जातो. एअरटेल, व्ही आणि बीएसएनएल यांचं टू-जी अजून चालू आहे. जिओने जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा बटनाचाच, पण फोर-जी चालणारा जिओभारत फोन आणला. त्याला १२३ रुपयांत २८ दिवसांचा पॅक होता, मात्र तो पॅक त्याच फोनसाठी. ज्या आजींना हातातल्या फोनची सवय आहे, त्यांना चार पैसे वाचतील म्हणून नवा फोन देऊ नये, असं माझं मत आहे. त्या फोन उचलायचंच बंद करतात.

आता दर. अमेरिकेत असलेल्या सिल्लोडच्या पोरांकडून कळतं, की तिथे मोठ्या कंपनीचेच टॉवर वापरून कमी पैशात पॅक विकणारे छोटे ब्रँड असतात. मिंट मोबाईल टी-मोबाईलच्या जाळ्यावर चालतो, व्हिजिबल व्हेरायझनच्या. रेंज साधारण तीच, बिल कमी. आपल्याकडे २०१६ मध्ये सरकारने अशा भाड्याच्या जाळ्यावर चालणाऱ्या कंपन्यांसाठी परवान्याचे नियम केले, पण मोबाईलमध्ये तो धंदा रुजला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि पुढच्या तीन वर्षांत एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स, युनिनॉरची टेलिनॉर, टाटा डोकोमो अशी एकेक नावं दुकानाच्या फलकावरून पुसली गेली. आपल्या भागात घरोघरी असलेली आयडियासुद्धा ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोनमध्ये मिसळली. उरल्या तीन खाजगी कंपन्या आणि एक सरकारी. खाजगी तिघींचे दर एकमेकींच्या आसपासच असतात. त्यामुळे आपल्याकडे स्वस्त पॅक शोधायचा तो एक तर बीएसएनएलमध्ये, नाही तर मोठ्या कंपनीच्याच यादीत तळाला.

या यादीचा इतिहास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. दोन-तीन वर्षांत ९९९ रुपयांत 'लाइफटाइम' सिम आलं. लोकांना वाटलं, आता फोन आयुष्यभर वाजत राहणार. २०१८ च्या अखेरीस ३५ रुपयांचं किमान रिचार्ज सुरू झालं. २०२३ मध्ये एअरटेलचा किमान पॅक १५५ वर गेला, आणि ३ जुलै २०२४ च्या दरवाढीत २८ दिवसांचा तिचा साधा पॅक १७९ चा १९९ झाला. त्याच दिवशी जिओचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. या पॅकमध्ये नेट असायचंच. म्हणजे जो माणूस कधी नेट उघडत नाही, फक्त लेकीचा फोन येईल म्हणून फोन जवळ बाळगतो, त्यालाही नेटचे पैसे भरावे लागत होते. ही गोष्ट मला काउंटरवर फार लागायची. एक आजोबा म्हणाले होते, "मला तेवढा फोन आला पायजे बाबा. ते जीबी-बिबी तुझ्याजवळच ठेव."

त्यांच्यासारख्यांसाठी २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला. नेट नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलेच पाहिजेत, आणि अशा खास पॅकची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एअरटेलचे ४६९ रुपयांत ८४ दिवस आणि १८४९ रुपयांत वर्ष, जिओचे ४४८ रुपयांत ८४ दिवस आणि १७४८ रुपयांत ३३६ दिवस. हे दर बदलत राहतात, म्हणून आकडा पाठ करू नका. रक्कम भागिले दिवस, एवढा एकच हिशेब शिका. १९९ भागिले २८ म्हणजे दिवसाला सात रुपये अकरा पैसे. १८४९ भागिले ३६५ म्हणजे पाच रुपये सात पैसे. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात, ते वेगळंच. १९९ चे तेरा म्हणजे २५८७ रुपये. वर्षाच्या पॅकपेक्षा ७३८ रुपये जास्त. मजुरी करणाऱ्या घरात ७३८ रुपये लहान रक्कम नाही.

बीएसएनएलचं काय, असं विचारणारे जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एकदम वाढले. ट्रायच्या आकड्यांत त्या एका महिन्यात तिला २९ लाखांवर नवे ग्राहक मिळाले आणि तिन्ही खाजगी कंपन्यांचे ग्राहक घटले. दर कमी, हे खरंच. टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांनी मिळून उभारलेल्या देशी फोर-जीचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्याहून झालं. पण २०२५ मध्ये तिनेही काही पॅकची किंमत तीच ठेवून दिवस कमी केले. १०७ चा पॅक पूर्वी ३५ दिवस चालायचा, तो पुढे तसा राहिला नाही. म्हणून भागाकार तिथेही करा. आणि गावातल्या टॉवरवर फोर-जी चढलंय का, हे ज्याच्याकडे ते सिम आहे त्यालाच विचारा. नेटचं काम रोजचं असेल, मुलांचा अभ्यास, ई-पीक पाहणी, दुकानाचं फोन-पे, तर आधी दुसऱ्या खाचेत महिनाभर चालवून बघा. नुसत्या कॉलसाठी, रेंज असेल तर, मी बीएसएनएल बिनधास्त सुचवतो.

पटलं तर पोर्ट मारा. नंबर तोच राहतो, ही सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. PORT हा शब्द इंग्रजीत, मग जागा सोडून आपला नंबर लिहून १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा कोड येतो, तो चार दिवस चालतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात आधार दाखवला की आपल्या सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत नंबर फिरतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, आणि सिम हरवून नवं घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. पॅक संपला आहे, बॅलन्स नाही, म्हणून एसएमएस जाणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पॅक नसला तरी १९०० वरचा हा एसएमएस जाऊ द्यावा, असा आदेश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्येच दिला आहे. जुन्या पॅकचे उरलेले दिवस मात्र बुडतात, म्हणून पॅक संपत आला की मगच हे काम काढा.

नंबर बंद पडू देणं हे सगळ्यात महाग. आधार, बँक, पीएम किसान, सगळं त्या एका नंबराला बांधलेलं असतं. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येत होता, आणि तो नंबर कधीच बंद झालेल्या बाया दुकानात हातात आधार घेऊन उभ्या राहायच्या. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देते. मग आधी आधारवरचा नंबर बदलून घ्या, त्यासाठी केंद्रावर रांग लावा, आणि तो दिवस मजुरी बुडवा.

फक्त कॉलचा पॅक बऱ्याचशा ॲपमध्ये खाली, शोधल्याशिवाय न सापडणाऱ्या जागी असतो. माझ्यासारख्या दुकानदारांचं कमिशन रिचार्जच्या रकमेवर असतं, त्यामुळे गल्ल्यावर बसलेला माणूसही तो आपणहून सांगेलच असं नाही. माझी या धंद्यातल्या सगळ्या भावांना विनंती आहे, तो दर फलकावर ठळक लिहा. आणि पुण्या-संभाजीनगरला बसून गावच्या आई-वडिलांना २९९ चं रिचार्ज मारणाऱ्यांनी एकदा त्यांना फोन करून विचारावं, की नेट वापरता का, आणि नसतील वापरत तर पुढचं रिचार्ज नेट नसलेलं मारावं.