वाघ न दिसलेल्या पाहुण्याचं काय?

मोहर्ली असो, कोलारा असो की नवेगाव, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाच्या कुठल्याही गेटजवळच्या लॉजमध्ये रात्रीच्या जेवणाला एक प्रश्न हमखास ऐकू येतो, ‘सायटिंग झालं का?’ ज्यांचं झालं ते कॅमेऱ्याचा पडदा पुढे करतात. ज्यांचं झालं नाही ते ‘नुसते सांबर-चितळ दिसले’ म्हणत ताटाकडे बघतात. दोघांनी खोलीचे पैसे सारखेच मोजलेले असतात, जेवण एकाच स्वयंपाकघरातलं असतं आणि पहाटेचा चहाही एकाच किटलीतला. तरीही घरी परतून इंटरनेटवर लॉजला तारे देताना दोघांचा हात वेगवेगळा चालतो. जी गोष्ट लॉजवाल्याच्या मालकीची नाही आणि हातातलीही नाही, तिच्यासाठी त्याला बोलणी बसतात.

जंगलालगतच्या निवासात पाहुणा कोणती अपेक्षा घेऊन येतो आणि कशामुळे समाधानाने परत जातो, हा आता रीतसर संशोधनाचा विषय आहे. त्याचा पाया मात्र जंगलापासून फार लांब घातला गेला. रिचर्ड ऑलिव्हर या अमेरिकी अभ्यासकाने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध फ्लूच्या लसीवर बेतलेला होता. लसीबद्दल लोकांना आधी काय वाटत होतं आणि नंतर काय वाटलं, हे त्याने दोन टप्प्यांत तपासलं. त्यातून निघालेली मांडणी आजही ग्राहक-समाधानाच्या अभ्यासात पायाभूत मानली जाते. समाधान केवळ अनुभवाच्या दर्जावर ठरत नाही, असं ती सांगते. माणूस आधी मनात एक पातळी धरून बसतो. अनुभव तिच्या वर गेला तर तो खूश, खाली राहिला तर नाराज. म्हणजे एकाच जिप्सीत शेजारी बसलेल्या दोघांना एकच अस्वल दिसलं, तरी एकाची सकाळ सार्थकी लागते आणि दुसऱ्याची वाया जाते.

मग ताडोबाच्या पाहुण्याने कोणती पातळी धरावी? थोडा हिशेब करून पाहू. गाभा आणि बफर मिळून हा व्याघ्रप्रकल्प सुमारे १,७२७ चौरस किलोमीटरचा आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत इथे ९७ वाघांचा अंदाज निघाला. सरासरी काढली तर साधारण १८ चौरस किलोमीटरला एक वाघ. पर्यटनासाठी गाभ्याचा २० टक्क्यांहून जास्त भाग खुला ठेवता येत नाही, असं राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या भागातही गाडी रस्त्यावरूनच जाते आणि साग-बांबूच्या दाटीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंची जेमतेम एक पट्टी नजरेत येते. वाघ सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात, उन्हाळ्यात ते पाणवठ्यांजवळ येतात आणि ताडोबात ते तुलनेने लवकर दिसतात, हे सगळं मान्य. पण वाघ दिसणं हा योग असतो, हे या आकड्यांवरून कुणालाही कळावं.

आता लॉजच्या जाहिराती बघा. पहिल्याच चित्रात वाघ, तोही कॅमेऱ्यात रोखून बघणारा. ऑलिव्हरच्या भाषेत सांगायचं तर पाहुणा घरून निघण्याआधीच पातळी इतकी वर नेऊन ठेवलेली असते, की तिला हात लावणं फार थोड्या सफारींना जमावं.

जपानी प्राध्यापक नोरिआकी कानो यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या एका प्रारूपाने हे कोडं आणखी उलगडतं. ग्राहकाच्या अपेक्षा एका जातीच्या नसतात, हे त्यांनी दाखवलं. काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. स्वच्छ चादर, पहाटे गरम पाणी, वेळेवर येणारी जिप्सी. या मिळाल्या म्हणून कुणी कौतुक करत नाही, पण चुकल्या तर माणूस भडकतो. काही गोष्टी जितक्या चांगल्या तितकं समाधान जास्त, जेवणाची चव त्यातली. आणि काही गोष्टी अशा, की त्या नसल्या तर तक्रार नाही, पण मिळाल्या तर माणूस हरखून जातो. कानोंच्या विचारातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा आहे. या तिसऱ्या जातीच्या गोष्टी कायम तिथे राहत नाहीत. सवय झाली, गाजावाजा झाला की कालची अपूर्वाई आज अपेक्षा होते आणि उद्या गृहीत धरली जाते.

वाघाचं नेमकं हेच झालं आहे. एकेकाळी रानात वाघ दिसणं ही आयुष्यभर सांगत राहण्याची गोष्ट होती. मग वाघांना नावं मिळाली, माया वाघीण देशभर ओळखीची झाली, कुठल्या गेटमधून कुठली वाघीण पिल्लांसह दिसते याची माहिती संध्याकाळपर्यंत हजारो फोनवर पोचू लागली. गरम पाण्याच्या रांगेत वाघालाही नेऊन बसवलं गेलं, आणि तोही पाणवठ्यावर, चांगल्या उजेडात, पिल्लांसकट. ही अधोगती वाघाची नाही. ती आपण वाढवून ठेवलेल्या अपेक्षेची आहे आणि तिचा भुर्दंड वाघाला भरावा लागतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

भुर्दंड कसा, ते मोजलं गेलं आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांची विष्ठा गोळा केली. ताण आला की प्राण्याच्या शरीरात ग्लुकोकॉर्टिकॉइड गटातली संप्रेरकं वाढतात आणि त्यांचे अवशेष विष्ठेत उतरतात, त्यामुळे वाघाला हात न लावता त्याचा ताण मोजता येतो. पर्यटनाच्या हंगामात हे प्रमाण बंद काळापेक्षा जास्त आढळलं आणि गाड्यांच्या वर्दळीशी त्याचा संबंध दिसला. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. असा ताण दीर्घकाळ राहिला तर प्रजननावर आणि रोगप्रतिकारशक्तीवर परिणाम होऊ शकतो, ही त्यामागची काळजी आहे.

आणि मोजायची गरजच पडू नये असे प्रसंगही घडतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ ही वाघीण पाच पिल्लांना घेऊन रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या गाड्यांनी तिची वाट दोन्हीकडून अडवली. चित्रफीत पसरली, चालक आणि गाइडवर कारवाई झाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा योग्यच होती. पण गाडीत मागे बसून ‘भाऊ, अजून थोडी पुढे घ्या ना’ म्हणणाऱ्याचं काय? वाघ दिसला तर बक्षिसी भरघोस आणि नाही दिसला तर कोरडा नमस्कार, हा हिशेब पाहुण्यांनीच घातलेला आहे. ज्या गाइडच्या घरचा महिना त्यावर चालतो, त्याच्याकडून संयमाची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी हा हिशेब मोडला पाहिजे.

पाहुण्यांना खरंच वाघच हवा असतो का? सेवेचा दर्जा मोजायची एक प्रसिद्ध प्रश्नावली १९८० च्या दशकात अमेरिकेत तयार झाली. वास्तू आणि साधनं, भरवशाचं काम, तत्परता, विश्वास आणि आपुलकी अशा पाच अंगांनी ती ग्राहकाची अपेक्षा विचारते. २००३ मध्ये मरियम खान या संशोधिकेने ती पर्यावरण-पर्यटकांसाठी नव्याने बेतली आणि तिच्यात सहावं अंग घातलं. निवास परिसराला साजेसा आहे का, त्याच्यामुळे निसर्गाला इजा होते का, तिथल्या वस्तू आणि यंत्रणा पर्यावरणाला धरून आहेत का, असे ते प्रश्न. उत्तरांमध्ये हेच नवं अंग सगळ्यात वर आलं. चकचकीत इमारत आणि नेहमीच्या सुखसोयी मागे पडल्या.

हा निष्कर्ष सुखावणारा असला तरी जसाच्या तसा चंद्रपूरला लावता येणार नाही. खान यांना उत्तरं देणारे लोक आवर्जून अशा पर्यटनाकडे वळलेले होते. नागपूरहून शनिवार-रविवार गाठून आजी-आजोबा आणि मुलांसह येणाऱ्या कुटुंबाच्या गरजा निराळ्या असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा त्यांनी वातानुकूलित खोली मागितली तर त्यात चैन नाही. मात्र कोरड्या टापूत जमिनीतलं पाणी उपसून भरलेला पोहण्याचा तलाव, रात्रभर जळणारे दिवे, लॉनवरच्या लग्नाचा डीजे, या गोष्टी त्याच मापाने माफ करता येत नाहीत. जाड भिंती, उंच छप्पर, खोल ओसरी, वाळ्याचे पडदे यांनी खोली थंड ठेवायची विद्या विदर्भातल्या घरांना पूर्वीपासून अवगत आहे. ज्या लॉजांनी ती वापरली, त्यांच्या खोल्यांत दुपारी बसून पाहा.

मग वाघ न दिसलेल्या पाहुण्याला समाधान देणारं लॉजकडे काय उरतं? खूप काही, आणि त्यातलं बहुतेक माणसाच्या तोंडून येतं. निसर्ग आणि वारसा लोकांना उलगडून कसा सांगावा, यावर फ्रीमन टिल्डन या अमेरिकी लेखकाचं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत ते पाठ्यपुस्तकासारखं मानलं जातं. नुसती माहिती सांगणं म्हणजे उलगडून सांगणं नव्हे, हा त्याचा आग्रह होता.

चांगला गाइड पुस्तक न वाचताही हेच करतो. तो जिप्सी बंद करायला लावतो आणि म्हणतो, ‘ऐका.’ चितळ ओरडलं तर तो फार हलत नाही, कारण चितळ बारीकशा संशयानेही ओरडतं. सांबराचा कॉल आला की तो उभा राहतो, कारण सांबर शक्यतो शिकारी दिसल्याशिवाय किंवा त्याचा वास आल्याशिवाय कॉल देत नाही. वरच्या फांदीवरचं वानर कुठे तोंड करून खाकरतंय ते तो दाखवतो, म्हणजे दिशा कळते. वाघ पुढे झाडीतून निघून जातो, दिसत नाही. पण जिप्सीतल्या सहाही जणांनी वीस मिनिटं जंगलाची भाषा ऐकलेली असते. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल वणव्यात खोडाला कशी वाचवते, निष्पर्ण कुल्लूचं पांढरं खोड चांदण्यात का घाबरवतं, मोहाची फुलं अस्वल आणि माणूस दोघंही पहाटे का वेचतात, हे कळल्यावर ‘नुसतं जंगल’ असं काही उरत नाही. मोहर्लीच्या गाइडांमध्ये आता गावातल्या महिलाही आहेत. त्या हे ज्या सहजतेने सांगतात, ते शहरातून आणलेल्या निसर्गतज्ज्ञालाही सहसा साधत नाही.

आठवणीचंही एक शास्त्र आहे आणि ते लॉजच्या कामाचं आहे. डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेवढाच वेळ धरला आणि वर आणखी ३० सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांवर आणलं गेलं. तिसऱ्यांदा कोणता प्रकार करणार, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला निवडला. त्रास जास्त वेळ झाला होता, पण शेवट सौम्य होता. माणूस अनुभवाची सरासरी काढत नाही, त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट लक्षात ठेवतो. लॉजमधला शेवट बहुतेकदा बिलाच्या टेबलावर होतो. त्याऐवजी निघायच्या सकाळी कुणी पाहुण्यांना गावच्या तळ्यावर नेलं, पक्षी दाखवले, मोहाच्या झाडाखाली गावातल्या आजीशी गप्पा घालून दिल्या, तर आठवणीचं टोक बदलेल. खर्च फारसा नाही.

अपेक्षा आधीच नीट बांधून दिली तर काय होतं, याचं मला आवडणारं उदाहरण पेरूमध्ये आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यात तांबोपाता नदीकाठी इन्फिएर्नो नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी १९९६ मध्ये एका पर्यटन कंपनीशी २० वर्षांचा करार केला, नफ्यातला ६० टक्के वाटा वस्तीचा आणि ४० टक्के कंपनीचा. १९९८ मध्ये ‘पोसादा अॅमेझोनास’ हे लॉज उघडलं. त्याच्या खोल्यांना जंगलाकडची भिंतच नाही, मच्छरदाणीत झोपायचं आणि रात्रभर रान ऐकायचं. दाट वर्षावनात जग्वार दिसण्याची आशा फारशी नसते. पाहुणा तिथे येतो तो मातीच्या कड्यावर जमणारे मकाव पोपट, तळ्यातली महाकाय पाणमांजरं आणि उंच मनोऱ्यावरून दिसणारा वृक्षांचा माथा बघायला. ज्याचं वचन देता येतं तेवढंच दिलं जातं.

वाट्याचा हा मुद्दा आपल्याकडे जास्तच टोचतो. कृती कारंथ आणि रूथ डिफ्रीस यांनी देशातल्या दहा संरक्षित क्षेत्रांचा अभ्यास करून २०११ मध्ये मांडलं, की पर्यटकांची संख्या वर्षाला सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वाढत होती, बहुतेक हॉटेलं उद्यानापासून पाच किलोमीटरच्या आत होती, पण परिसरातल्या लोकसंख्येच्या मानाने त्यातून मिळणारा रोजगार नगण्य होता. चंद्रपुरात वाघाचं ओझं गाव उचलतं. तेंदूपत्ता आणि मोहफुलांच्या हंगामात वाघाच्या हल्ल्यात दरवर्षी माणसं जातात, त्यात बायका मोठ्या संख्येने असतात. पाहुण्याच्या समाधानाची प्रश्नावली भरून घेताना या गावाच्या समाधानाचा रकाना कुठेच नसतो, ही मला या सगळ्या अभ्यासातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दरवर्षी पावसाळ्यानंतर १ ऑक्टोबरला गाभा पुन्हा उघडतो आणि बुकिंगची धांदल सुरू होते. लॉज ठरवताना वाघ दिसण्याची खात्री विचारू नका, जो खात्री देईल त्याच्याकडे जाऊ नका. सांडपाणी कुठे जातं, कामाला गावातले किती जण आहेत, हे विचारा. बक्षिसी वाघावर ठेवू नका, गाइडने काय शिकवलं त्यावर द्या. आणि परतल्यावर इंटरनेटवर चार ओळी लिहाल तेव्हा त्यात गाइडचं, स्वयंपाकघराचं, रात्रीच्या अंधाराचं लिहा. पुढचा पाहुणा त्या ओळी वाचूनच आपली अपेक्षा ठरवतो आणि लॉजवालाही त्याच ओळी वाचून पुढच्या हंगामात काय विकायचं ते ठरवतो.