खाऱ्या वाऱ्यातली चासी

मालवणात जुनी गाडी विकायला निघाली की बघणारे आधी इंजिनाची चौकशी करतात. मुरलेला मेस्त्री मात्र गाडीखाली सरकतो. इंजिन खोलून पुन्हा बांधता येतं, पत्रा बदलता येतो, रंग तर काय, कधीही मारता येतो. चासी कुजली की गाडी मोडीतच काढायची, असं सगळेच धरून चालतात. मला हे पटत नाही. कुजलेली चासी वाचवता येते. मात्र गंज झाकायचा की कापायचा, हे आधी ठरवावं लागतं.

या किनाऱ्यावरचा गंज इतका चिवट का, याचं उत्तर मिठाच्या स्वभावात आहे. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच ओलं होतं. म्हणजे देवबाग-तारकर्लीच्या वाऱ्यावरून चासीवर बसलेला खार भर मे महिन्यातही पुरता सुकत नाही. म्हणूनच मांगरात ताडपत्री घालून जपलेली गाडीही आतून सडत राहते. उघड्यावरच्या गाडीचा खार निदान पावसात धुऊन तरी जातो.

मासळीच्या पिकअपचे हाल त्याहून वाईट. क्रेटमधला बर्फ वितळतो, मासळीच्या खाराशी मिसळलेलं ते पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या चासीवर उतरतं आणि तिथेच मुरतं. त्यामुळे पुढचा भाग ठणठणीत आणि मागच्या पाट्यांजवळचा भाग खलास, अशा गाड्या इथे सर्रास दिसतात.

जुन्या पिकअपांमध्ये माझा जीव महिंद्राच्या एफसी-१५० वर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मुंबईत माझगावला विलीज जीपची जोडणी सुरू झाली, त्याच घराण्यातली ही गाडी. चपट्या नाकाची, इंजिन केबिनच्या आत दोन सीटांच्या मधोमध, आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर जवळपास जीपएवढंच, ८१ इंच. इतक्या आखूड गाडीला भरपूर हौदा दिला, तो ड्रायव्हरला पुढच्या चाकांवर बसवून. खाली शिडीसारखी चासी: दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे मेंबर. गाडी सगळा भार याच शिडीवर वाहते, म्हणून ही शिडी कुजली तर ते रंगाचं काम उरत नाही, जिवाचं होतं.

गंज कसा लपतो ते मागच्या पाट्यांच्या शॅकलच्या ब्रॅकेटजवळ बघावं. तिथे चासीच्या पट्टीवर दुसरा जाड पत्रा रिव्हेट मारून बसवलेला असतो. दोहोंच्या मध्ये केसाएवढी फट. खारं पाणी तिच्यात शिरतं, पण वाळायला तिथे वारा पोचत नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याचं आकारमान मूळ धातूच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढतं. फटीत जागा नसते, म्हणून तो पत्र्यालाच ढकलतो. जाड पत्रा फुगतो, रिव्हेटच्या माना ताणल्या जातात, आणि बाहेरून काळा रंग अजून शाबूत! हातोडीनं टकटक केली की चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे पेचकस टोचला की पापुद्रे सुटून हातात येतात.

मग सोपा मार्ग समोर असतो: त्याच कुजक्या जागेवर नवी पट्टी वेल्ड करून वर रंग. याला मी दुरुस्ती म्हणणार नाही. पट्टीमागे खार आणि ओल दोन्ही शिल्लक राहतात आणि कुजण्याला नवी, अधिक अंधारी फट मिळते.

खरं काम वेळखाऊ आहे. पेट्रोलची टाकी उतरवायची, बॅटरी सोडायची, हौदा उचलून बाजूला ठेवायचा. चासी समतल टेकूंवर बसवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्णाची मापं लिहून घ्यायची, नाहीतर कापल्यावर ती कधी वाकली ते कळतही नाही. ग्राइंडरनं कापत कापत निखळ चकाकी लागेपर्यंत जायचं. नवा तुकडा त्याच जाडीचा, त्याच वळणाचा. त्यावर आधाराची पट्टी द्यायची तर तिची टोकं उभी सरळ न कापता तिरकी कापायची, म्हणजे ताण एकाच रेषेत गोळा होऊन तिथेच तडा जात नाही. आणि वेल्डिंग एका दमात लांब ओढायचं नाही. एक टाका इथे, एक पलीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं; उष्णतेनं चासी खेचली जाते. वाळूच्या फवाऱ्यानं गंज काढायचा मोह होतो. समुद्राची वाळू तर अजिबात वापरू नये, तिच्याबरोबर पुन्हा मीठच येतं. आणि कोरड्या वाळूची धूळ फुप्फुसांचा घात करते. गोड्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुणं मात्र चुकवू नये, कारण खार गंजाच्या खड्ड्यांत दडलेला असतो.

उरलेल्या सूक्ष्म गंजावर टॅनिनचं रसायन लावतात. ते लोखंडाशी संयोग पावून निळं-काळं, टिकाऊ आवरण धरतं. हिरडा आणि हिराकस यांपासून पूर्वी शाई करत, ती याच क्रियेनं काळी होई. सह्याद्रीतल्या झाडाचा हा गुण किनाऱ्यावरच्या लोखंडाला उपयोगी पडतो, याचा मला आनंद वाटतो.

खारा वारा सांगाड्याचं काय करतो, हे मालवणनं अलीकडेच फार वाईट रीतीनं पाहिलं. राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. चौकशी अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं आली. वरचं रूप भव्य असलं तरी ते आतल्या लोखंडावरच उभं असतं.

जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवायची असेल तर कायद्याचंही भान हवं. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या, धंद्यात न वापरल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल झालेला नसावा. एफसीच्या केबिनखाली बोलेरोची चासी सरकवणं हा उघडच बदल. कुजलेला वीतभर भाग काढून त्याच मापाचा बसवणं ही माझ्या मते जपणूक. तरीही कापण्याआधी, कापल्यावर आणि जोडल्यावर फोटो काढून ठेवावेत, आणि चासी नंबर ठोकलेल्या जागेला ग्राइंडर लावू नये.

दुरुस्तीत अडचण मुहूर्ताची आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा मासळीची गाडी मोकळी असते. पण तेव्हाच हवा सर्वांत ओली, ताजं घासलेलं लोखंड डोळ्यांदेखत तांबूस होतं. म्हणून कापाकापी आणि वेल्डिंग पावसात छपराखाली उरकलं, तर घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. शेवटचा रंग दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेसाठी राखावा. चासीच्या पोकळ भागात आतून मेण किंवा ग्रीस सोडावं, आणि तळाला पाणी निघायला ठेवलेली भोकं दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी करावीत.