विश्लेषण : नाइट व्हिजन गॉगल लावूनही हेलिकॉप्टर वैमानिकांची नजर का फसते?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनमध्ये २९ जानेवारी २०२५ च्या रात्री लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि रेगन राष्ट्रीय विमानतळावर उतरत असलेले प्रवासी विमान यांची पोटोमॅक नदीवर टक्कर झाली. ६७ जणांचा मृत्यू झाला. विमान दिसत असल्याचे हेलिकॉप्टरमधून हवाई वाहतूक नियंत्रकाला कळवण्यात आले होते. हेलिकॉप्टरमधील तिघांनीही बहुधा नाइट व्हिजन गॉगल लावले होते, असे तपास यंत्रणेने सांगितले. या अपघातामागे हवाई मार्गांच्या आखणीसह अनेक कारणे होती. मात्र रात्री ‘दिसते’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा चर्चेत आला.

अंधारात डोळ्यांची मर्यादा काय?

रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकू पेशी डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी दाटीने असतात; पण त्यांना भरपूर प्रकाश लागतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंड पेशी मध्यबिंदूवर नसतात, त्याच्या भोवती असतात. म्हणूनच अंधुक तारा थेट पाहिला की नाहीसा होतो, नजर किंचित बाजूला नेली की दिसतो. वैमानिकांनाही रात्री असेच बाजूने पाहण्याचे प्रशिक्षण दिले जाते. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. प्रखर दिव्याकडे काही क्षण पाहिले तरी ही तयारी वाया जाते.

कोणते दृष्टिभ्रम घातक ठरतात?

काळोखात एकाच स्थिर दिव्याकडे टक लावून पाहिले, की काही सेकंदांत तो हलू लागल्याचा भास होतो. किनाऱ्यावरील दिव्यांची तिरकी रांग क्षितिज वाटते आणि वैमानिक हेलिकॉप्टर तिच्याशी समांतर करू पाहतो. सर्वांत फसवा प्रकार ‘ब्लॅक होल’चा. भोवती काळोखा समुद्र किंवा ओसाड जमीन आणि समोर फक्त उतरण्याच्या जागेचे दिवे असले, की आपण आहोत त्यापेक्षा जास्त उंचीवर आहोत असे वाटते. मग वैमानिक गरजेपेक्षा खाली येतो.

समुद्रातील तेल फलाटांवर रात्री उतरताना म्हणूनच विशेष दक्षता लागते. मुंबई हाय परिसरात ४ नोव्हेंबर २०१५ रोजी रात्री उतरण्याच्या सरावावर असलेले पवन हंसचे हेलिकॉप्टर अरबी समुद्रात कोसळले होते. त्यात दोन वैमानिक होते.

गॉगल काय करतो?

चंद्र-ताऱ्यांचा क्षीण प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारे जवळचे अवरक्त किरण गॉगलच्या नळीत शिरतात. तेथे त्यांचे इलेक्ट्रॉनमध्ये रूपांतर होते. सूक्ष्म छिद्रांच्या चकतीतून जाताना हे इलेक्ट्रॉन हजारो पटींनी वाढतात आणि फॉस्फरच्या पडद्यावर आदळून हिरवे किंवा पांढरट चित्र उमटवतात. हा गॉगल स्वतः प्रकाश निर्माण करत नाही, आहे तोच वाढवतो. उष्णता टिपणारा थर्मल कॅमेरा वेगळा.

मग धोका कुठे आहे?

दोन्ही डोळ्यांनी मिळून माणसाला सुमारे २०० अंशांचा परिसर दिसतो; नेहमीच्या गॉगलमधून साधारण ४० अंशांचाच. नळकांड्यातून पाहावे तसे. बाजूचे पाहायचे तर मान सतत फिरवावी लागते. अंतराचा अंदाज कमकुवत होतो. शहराच्या दिव्यांभोवती प्रभामंडळ तयार होते. रंग नाहीसे होत असल्याने विमानाचे लाल-हिरवे दिवे वेगळे ओळखता येत नाहीत. याच दिव्यांवरून विमानाची दिशा कळत असते. काही एलईडी दिवे तर गॉगलमधून दिसतच नाहीत. विजेच्या तारा सहसा दिसत नाहीत, म्हणून वैमानिक तारांऐवजी खांब शोधतात. विरळ धुक्यातूनही गॉगलमधून पलीकडचे दिसते. त्यामुळे आपण दाट धुक्यात शिरतो आहोत, हे उशिरा लक्षात येते.

आणखी एक सापळा असा, की टकरीच्या मार्गावर असलेले विमान काचेतून एकाच जागी स्थिर दिसते. शहराच्या हजारो दिव्यांत तो आणखी एक दिवा वाटू शकतो.

धूळ उडाल्यास काय होते?

जमिनीलगत पात्यांच्या झोताने धूळ उडाली की गॉगलही निरुपयोगी ठरतो. इराणमधील ओलिसांच्या सुटकेसाठी एप्रिल १९८० मध्ये गेलेल्या अमेरिकी मोहिमेत, रात्री वाळवंटातील धुरळ्यात एक हेलिकॉप्टर जमिनीवरील सी-१३० विमानावर आदळले आणि आठ जण ठार झाले.

उपाय काय?

नजर आणि उपकरणे यांत तफावत आढळली तर विश्वास उपकरणांवर, हा मूलभूत नियम आहे. जमिनीपासूनची उंची रेडिओ अल्टिमीटरवर सतत तपासणे, गॉगलच्या खालच्या फटीतून उघड्या डोळ्यांनी रंग पडताळणे आणि शंका येताच उतरणे सोडून पुन्हा वर जाणे, यांचा सराव करून घेतला जातो. कॉकपिटमधील दिवेही गॉगलला सुसंगत असावे लागतात. वॉशिंग्टनमध्ये त्या मार्गावर २०० फुटांची मर्यादा असताना टकरीच्या वेळी हेलिकॉप्टरची रेडिओ अल्टिमीटरवरील उंची २७८ फूट होती. ‘विमान दिसते आहे’ एवढ्यावर सुरक्षित अंतराची भिस्त ठेवणे पुरेसे नाही, हा या अपघाताचा धडा आहे.