कानाची कैफियत आणि तज्ज्ञाचा पत्ता

अकोल्याच्या डोंगरपट्ट्यापासून जामखेडच्या शिवेपर्यंत चौदा तालुके आणि सुमारे सतरा हजार चौरस किलोमीटर मुलूख पोटात घेणारा आपला नगर जिल्हा, ज्याचे नाव २०२४ पासून सरकारदरबारी अहिल्यानगर असे लागले आहे, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. आणि या विस्तारामुळे येथल्या रुग्णाला आजारपणात चारी दिशा मोकळ्या असतात. अकोले-संगमनेरचा माणूस नाशिककडे पाहतो, पारनेर-श्रीगोंद्याचा पुण्याकडे, राहाता-श्रीरामपूरचा लोणीकडे, जामखेडचा प्रसंगी बीडकडे. साध्या दुखण्याला हे सोयीचेच आहे. परंतु कानाची एखादी विरळ व्याधी पदरी पडली, म्हणजे हाच गृहस्थ चारी दिशांना हिंडतो, प्रत्येक ठिकाणाहून नवी गोळी आणि नवे नाव घेऊन परततो, आणि दोन-तीन वर्षांनी ‘माझा रोग कोणालाच कळत नाही’ असे म्हणून स्वस्थ बसतो. पुष्कळदा रोग कळण्याजोगाच असतो. योग्य माणसापुढे योग्य कैफियत मात्र गेलेली नसते. ती का जात नाही, याचा शोध घेऊ लागले की वाटेत काही दृढमूल गैरसमज आडवे येतात.

पहिला गैरसमज चक्करेविषयीचा. आपल्याकडे घेरी आली की तिचे कारण पित्त, रक्तदाब किंवा मानेचा मणका यांपैकी एकात शोधण्याची वहिवाट पडली आहे. मानेचा एक्स-रे काढला जातो, चाळिशीपुढच्या बहुतेक माणसांच्या मणक्यांत काही ना काही झीज दिसतेच, आणि मग गळ्याला पट्टा बांधून रुग्ण घरी येतो. वस्तुस्थिती अशी की खोली गरगर फिरल्याचा भास हा मोठ्या प्रमाणावर अंतर्कर्णाचा विषय आहे. ही गोष्ट युरोपातही फार उशिरा उमगली. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतील वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली ती मांडली, तोपर्यंत अशा झटक्यांना मेंदूचाच विकार समजत. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कानात गार आणि कोमट पाणी सोडले असता चक्कर कशी निर्माण होते याचा उलगडा केला व त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. बातमी पोचली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. पाण्याची ती चाचणी आजही कानाच्या तपासणीत वापरली जाते.

आता कैफियतीचे महत्त्व पाहा. ‘मला चक्कर येते’ एवढ्या वाक्यावरून जगातल्या कोणत्याही तज्ज्ञाला काही सांगता यायचे नाही. परंतु ती किती वेळ टिकते हे नेमके सांगितले, तर अर्धे निदान तेथेच होते. अंथरुणात कूस बदलताना येऊन मिनिटाच्या आत ओसरणारी चक्कर बहुधा अंतर्कर्णातील सूक्ष्म स्फटिक जागा सोडून नलिकेत शिरल्याने येते, आणि डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते स्फटिक परत जागी नेता येतात. त्याला महिनोन्‌महिने गोळ्या खाण्याचे कारण नसते. वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकणारी, सोबत एका कानात दडा, गुणगुण आणि ऐकू येण्यात चढउतार घेऊन येणारी चक्कर मेनिएरच्या व्याधीकडे बोट दाखवते. दिवसचे दिवस टिकणारी आणि ऐकण्यावर परिणाम न करणारी तिसरीच. ती तोल सांभाळणाऱ्या नाडीच्या दाहाची असू शकते. घड्याळात पाहून लिहिलेला हा तपशील रुग्णाखेरीज कोणाजवळ नसतो, आणि नेमका तोच तो सोबत नेत नाही.

दुसरा गैरसमज ‘कान तपासला, पडदा शाबूत आहे, म्हणजे कानात काही नाही’ हा. पडदा हा कानाचा दरवाजा आहे. दरवाजा धड दिसला म्हणून माजघरातले सर्व काही ठीक आहे असे ठरत नाही. पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी आहे, तिच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखे दिसणारे हाड आहे, आणि त्याच्याही पलीकडे शंखाकृती श्रवणेंद्रिय व तोलाच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. रिकीब आपल्या चौकटीत घट्ट बसली, ज्याला डॉक्टर ऑटोस्क्लेरोसिस म्हणतात, तर पडदा निर्मळ असूनही माणूस हळूहळू बहिरा होत जातो. जॉन शे यांनी अमेरिकेत १९५६ साली ती रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम बसविण्याची शस्त्रक्रिया केली, आणि आज ती अनेक ठिकाणी होते.

येथेच एका विरळ व्याधीची गोष्ट सविस्तर सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण योग्य तज्ज्ञ म्हणजे काय याचा अर्थ तिच्याइतका स्वच्छ दुसरी कोणती व्याधी करून देत नाही. वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवर हाडाचे जे छत असते, ते काही माणसांत झिजलेले किंवा मुळातच अपुरे असते आणि तेथे एक बारीक भोक राहते. बाल्टिमोरच्या लॉइड मायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली या व्याधीचे वर्णन केले; त्याआधी अशा रुग्णांना वेड्यात काढले गेले असल्यास नवल नाही, कारण त्यांची कैफियतच चमत्कारिक असते. त्यांना स्वतःची पावले डोक्यात धपधपताना ऐकू येतात. बुबुळ फिरवले तरी कानात आवाज होतो. खोकताना किंवा जड ओझे उचलताना तोल जातो. आणि मोठा आवाज झाला की भोवळ येते. कल्पना करा, राहुरीकडचा एखादा गृहस्थ म्हणतो, ‘कारखान्याचा भोंगा झाला, की जमीन एका अंगाला कलते.’ ऐकणाऱ्याला हे भ्रमाचे बोलणे वाटेल. जाणत्याला मात्र याच वाक्यात निदान दिसेल.

गुंतागुंत पुढेच आहे. या रुग्णाची श्रवणचाचणी केली असता आलेख बऱ्याच वेळा रिकीब घट्ट बसल्याच्या आलेखासारखा दिसतो, आणि त्यावर विसंबून रिकिबीची शस्त्रक्रिया झाल्याची आणि तिचा काही उपयोग न झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहेत. दोहोंतला भेद दाखवणारी एक स्वस्त आणि काही मिनिटांची चाचणी आहे: मोठ्या आवाजाला मध्यकर्णातील स्नायू आकुंचन पावतो की नाही, हे पाहणारी. रिकीब घट्ट झाली असेल तर ही प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नाही. छताला भोक असेल तर ती बहुधा शाबूत असते. म्हणजे योग्य तज्ज्ञ तो, ज्याला शस्त्रक्रियेआधी ही चाचणी पाहण्याची आठवण होते आणि जो मग कानाच्या हाडाचा अगदी पातळ कापांचा सीटी स्कॅन मागवतो. ‘एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे काही नाही’ हा समजही याच ठिकाणी उघडा पडतो. श्रवणनाडीवर हळूहळू वाढणारी निरुपद्रवी जातीची गाठ एमआरआयमध्ये दिसते, आणि एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले तर तो काढावाच लागतो. परंतु हाडातले भोक पाहायला सीटी हवा, आणि जागा सोडलेले स्फटिक तर दोहोंतही दिसत नाहीत.

तिसरा गैरसमज सर्वांत प्रतिष्ठित आहे: विरळ व्याधीला मोठ्या शहरातला मोठ्या नावाचाच डॉक्टर लागतो. यात सत्याचा अंश आहे, पण तो उलट्या टोकाने धरला जातो. कान-नाक-घशाचा प्रत्येक सर्जन कानाच्या आतल्या शस्त्रक्रिया सारख्याच वारंवार करतो असे नाही. कोणाचा हात सायनसवर बसलेला असतो, कोणाचा घशाच्या कर्करोगावर, कोणाचा कानावर. म्हणून ‘तुम्ही किती मोठे’ हा प्रश्न निरुपयोगी आणि ‘ही तक्रार असलेले रुग्ण आपण वर्षाकाठी साधारण किती पाहता, आणि यासाठी लागणाऱ्या चाचण्या आपल्याकडे होतात की बाहेर पाठवाव्या लागतात’ हा प्रश्न नम्रतेने विचारण्याजोगा आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर तेही एक उत्तरच आहे.

मोठ्या नावाच्या मोहाविषयी अमेरिकेतील एक प्रसिद्ध प्रकरण बोधप्रद आहे. १९६१ साली अवकाशात गेलेले पहिले अमेरिकन ॲलन शेपर्ड यांना पुढे मेनिएरची व्याधी जडली आणि त्यांचे उड्डाण बंद झाले. एका सहकाऱ्याकडून त्यांना लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस यांचे नाव कळले, जे नेमकी याच व्याधीवर शस्त्रक्रिया करत; कानात बारीक नळी बसवली गेली, १९६९ साली शेपर्ड उड्डाणास पुन्हा पात्र ठरले आणि १९७१ मध्ये चंद्रावर चालून आले. कथा खरी आहे. मात्र १९८१ साली डेन्मार्कमध्ये याच जातीची शस्त्रक्रिया आणि नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया यांची तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा दोन्ही गटांतील बहुतेक रुग्णांना जवळजवळ सारखाच आराम पडल्याचे आढळले. तेव्हापासून त्या नळीच्या गुणाविषयी तज्ज्ञांत वाद आहे. मेनिएरचे झटके कालांतराने आपोआपही विरळ होतात. तेव्हा ‘अमक्याला तमक्याकडे गुण आला’ हा दाखला, तो चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाचा असला तरी, पुरावा म्हणून धरू नये.

मग नगरकराने आरंभ कोठून करावा? जिल्ह्यातूनच. प्रवरानगरच्या परिसरात लोणीला १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, नगरजवळ विळद घाटात दुसरे आहे, शहरात जिल्हा रुग्णालय आहे; वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की कान-नाक-घसा विभाग असतोच. शुद्ध स्वरांची श्रवणचाचणी आणि मध्यकर्णाचा दाब मोजणारी चाचणी हे पहिले कागद जवळच करून घ्यावेत. प्रश्न त्यापुढे गेला तर त्यांच्यासह आणि संदर्भपत्रासह पुण्याचे ससून किंवा मुंबईचे के. ई. एम. गाठावे. श्रवणविषयक तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. हे जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जामखेडला १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जो आरोग्यप्रकल्प उभारला, त्यात खेड्यातल्या अल्पशिक्षित स्त्रिया रुग्णाची माहिती नीट गोळा करीत. तो प्रकल्प कानाचा नव्हता, पण पहिली नोंद गावातच चोख होऊ शकते, हे या जिल्ह्याने पाहिलेले आहे.

श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या मोफत तपासणीविषयी थोडक्यात सांगतो. ती यंत्र विकण्यापुरती असते. श्रवणतज्ज्ञ आणि कानाचा सर्जन या दोन निराळ्या व्यक्ती आहेत आणि विरळ व्याधीत दोघेही लागतात. श्रवणतज्ज्ञाची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, डॉक्टरची वैद्यकीय परिषदेकडे, आणि डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर छापणे २००२ च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे. नामफलकावरच्या लांबलचक अक्षरांपेक्षा तो क्रमांक पाहावा.

दुसऱ्या डॉक्टरचे मत घेतले तर पहिल्याचा अपमान होतो, ही भीड खेड्यापाड्यांत फार आहे, आणि तिच्यापायी लोक जुने कागद लपवतात किंवा मागतच नाहीत. कागद मागणे हा रुग्णाचा हक्क आहे. त्याच विनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. सीटीची केवळ अहवालाची ओळ घेऊ नये, चित्रांची सीडी घ्यावी, कारण पुढचा तज्ज्ञ चित्रे स्वतः पाहतो.

हा सारा सावकाश मार्ग एका प्रसंगी मात्र सोडून द्यायचा असतो, आणि योगायोगाने तेथेही आकडा ७२ तासांचाच आहे. तीन दिवसांच्या आत, बहुधा सकाळी उठताच, एका कानाचे ऐकणे एकाएकी गेले, तर ती आणीबाणी आहे. लोक ती सर्दी किंवा मळ समजून कानात तेल सोडतात आणि पंधरा दिवस वाट पाहतात. स्टेरॉइडचा उपयोग व्हायचा तर तो याच पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितका लवकर तितका अधिक. ओठ मिटून गुणगुणून पाहावे: आवाज बंद कानात मोठा वाटला तर दोष बहुधा मळाचा किंवा मध्यकर्णाचा, चांगल्या कानात मोठा वाटला तर नाडीचा संशय धरावा. मधुमेह असेल तर तो डॉक्टरला आधी सांगावा, कारण स्टेरॉइडने साखर वाढते. तुमचा एक कान आज असा बंद झाला असेल, तर कोणता तज्ज्ञ उत्तम याचा विचार उद्यावर टाका आणि आजच जवळच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या.