न्यूनहॅमचा इमला

१८७१ साली केंब्रिज येथील व्याख्यानांना उपस्थित राहू इच्छिणाऱ्या पाच तरुणींसाठी हेन्री सिजविक या तत्त्वज्ञ अध्यापकाने एक घर भाड्याने घेतले आणि त्याचा कारभार ॲन जेमायमा क्लफ या अनुभवी शिक्षिकेच्या हाती सोपविला, तेव्हा विद्यापीठाच्या दप्तरी या गोष्टीची नोंद होण्याचे कारणच नव्हते; स्त्री ही त्या दप्तराच्या लेखी विद्यार्थी नव्हती.

भाड्याच्या घरांतून बिऱ्हाड हलवीत चार वर्षे काढल्यावर १८७५ मध्ये न्यूनहॅम येथे स्वतःची वास्तू उभी राहिली. शिल्पज्ञ बॅझिल चॅम्पनीज यांनी गॉथिक कमानी व उत्तुंग मनोरे कटाक्षाने टाळले. लाल विटांच्या भिंती, पांढऱ्या रंगाच्या लाकडी खिडक्या आणि छपराशी डौलदार वळण घेणारे शिरोभाग अशी ही ‘क्वीन ॲन’ शैलीतील इमारत एखाद्या सुखवस्तू कुटुंबाचे राहते घर वाटावी, अशीच तजवीज होती. चिंतातुर पालक आणि साशंक विद्यापीठ या दोहोंना निर्धास्त करणारा तो सौम्य मुखवटा होता, असे माझे मत आहे. कारण आतील रचना मुळीच भित्री नव्हती. पुरुषांच्या जुन्या महाविद्यालयांत खोल्या जिन्याजिन्यांनी विभागलेल्या असत. येथे लांब मार्गिकेवर ओळीने दारे होती आणि दारामागे प्रत्येकीची स्वतंत्र खोली. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२८ साली येथे येऊन स्त्रीच्या स्वतंत्र खोलीचा विचार मांडला, त्यापूर्वी अर्धे शतक ती मुलींच्या वहिवाटीत होती!

पुढे १८८० मध्ये सिजविक हॉल, १८८८ मध्ये क्लफ हॉल, १९१० मध्ये पील हॉल असा विस्तार होत गेला. पस्तीस वर्षे आराखडे चॅम्पनीज यांचेच राहिल्याने बागेभोवतीची ही वसतिगृहे एका श्वासात उच्चारलेल्या वाक्यासारखी सलग दिसतात. बागेत रसायनाची प्रयोगशाळाही होती.

१८८१ पासून परीक्षेला बसण्याची मुभा मिळाली. १८९० मध्ये येथील फिलिपा फॉसेट गणितात पहिल्या क्रमांकाच्या पुरुषाहूनही वरचढ ठरल्या. पदवी मात्र नाही. १९२१ साली स्त्रियांना पूर्ण सभासदत्व नाकारणारा कौल लागताच विजयोन्मत्त विद्यार्थ्यांच्या जमावाने क्लफबाईंच्या स्मरणार्थ उभारलेल्या धातूच्या दरवाजाची मोडतोड केली. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदवी बहाल केली ती १९४८ साली, पहिली वास्तू उभी राहिल्यानंतर तब्बल ७३ वर्षांनी.